बाकड्यावरची माफी

पर्युषणानंतरच्या क्षमापनेच्या दिवशी सकाळी कनिकाने एका बटणावर अख्ख्या जगाला माफ केलं, आणि दुपारची जेवणं व्हायच्या आत भोकरदनमध्ये त्याचे परिणाम दिसू लागले. सुरुवात उषाबाईंपासून झाली. सोफिया नावाच्या, पिवळ्या केसांच्या एका बाईने त्यांना ‘प्रिय मित्र, तू कसा आहेस?’ असं विचारलं. उषाबाईंचा जन्म अंगणवाडीत गेलेला. विचारपूस करणाऱ्याला उत्तर न देता पुढे जाणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

‘मी बरी हाय. तुम्ही कुठल्या? जेवण झालं का?’ त्यांनी लिहिलं.

‘माझ्याकडे गुंतवणुकीची उत्तम संधी आहे,’ सोफिया म्हणाली.

‘व्हय का. घरी कोण कोण असतं?’

हे संभाषण चाललं होतं ते बाकड्यावर. बाकडं म्हणजे लालचंद मुथांचं. मोटारपंप आणि पाइपच्या त्यांच्या दुकानाबाहेर एक लाकडी बाकडं होतं, आणि बाजारात आलेला माणूस पाइप घेवो न घेवो, तिथे टेकून जायचा. आत गल्ल्यावर बसलेल्या लालचंदजींचा एक कान बाहेर असे. बोलणं कोणाच्या लेकीसुनेवर घसरलं किंवा कोणाच्या जातीधर्मावर गेलं, की ते वर न पाहता नुसते खाकरायचे. तेवढ्यावर विषय सोयाबीनवर यायचा.

पुढे बाकडं ओस पडलं आणि सगळी बोलणी फोनमध्ये गेली. अशाच एका फोनमधल्या अफवेपायी, मुलं पळवणारा समजून, एका बहुरूप्याला भर बाजारात मार बसायची वेळ आली. लालचंदजींनी त्याला दुकानात ओढून घेतलं, शटर लावलं आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यासोबत आत बसून राहिले. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, की फोनमध्ये खाकरायला कोणी नाही.

मग बरोबरीचे व्यापारी मुलांच्या हाती चाव्या देऊन मोकळे होत होते त्या वयात लालचंदजी दुकानाच्या माळ्यावर चढले. विहिरीत सोडायच्या मोटारींच्या खोक्यांशेजारी त्यांनी एक जुना कॉम्प्युटर मांडला आणि एकेक इंग्रजी अक्षर शोधून दाबत त्यावर स्वतःचा सर्व्हर उभा केला. मोठ्या कंपन्या चालवतात तसंच सगळं. लिहा, वाचा, फोटो टाका, उत्तर द्या. फक्त कंपनी नव्हती आणि जाहिरात नव्हती. नाव ठेवलं ‘बाकडं’. हळूहळू निम्मा तालुका त्यावर येऊन बसला. कोणती बस रद्द झाली, कोणाची म्हैस चुकली, कोणाच्या घरी तेराव्याचं जेवण आहे, सगळं तिथे कळू लागलं. रोज सकाळी पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातला मिरचीचा भाव लालचंदजी स्वतःच्या आवाजात सांगायचे. जगात अशी छोटी छोटी बाकडी पुष्कळ आहेत, आणि दार उघडं ठेवलं तर या बाकड्यावरचं बोलणं त्या बाकड्यावर ऐकू जातं. एकदा फिनलंडमधल्या कोणी पाण्याच्या जळालेल्या मोटारीचा फोटो टाकला, तेव्हा शेजारच्या दुकानातल्या निजामोद्दीनने तिची तार कशी गुंडाळायची ते त्याला इथून शिकवलं. मोटार चालू झाल्याचा व्हिडिओ आला त्या दिवशी लालचंदजींनी गल्लीत पेढे वाटले.

उन्हाळ्यात ते गेले. कनिका त्यांची एकुलती मुलगी, जालन्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. दर शनिवारी ती बसने यायची, माळ्यावर चढायची आणि हॉस्पिटलच्या खाटेवरून वडिलांनी शिकवलं होतं तेवढं करून उतरायची. कॉम्प्युटर सांभाळणं तिला जमत होतं. जमत नव्हतं ते खाकरणं. चार माणसांत ती गरजेपुरतंच बोलणारी, आणि बाकड्याला तर राखणारं माणूस हवं. ते नसेल तर वडिलांच्या नावाचं काहीतरी वाईट होऊ देण्यापेक्षा ते नीट बंद केलेलं बरं, असं तिला वाटे. पर्युषण पार पडू द्या, मग ठरवू, असं तिने निजामोद्दीनला सांगून ठेवलं होतं. तो नुसता मान हलवायचा आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरायचा.

तिला एक गोष्ट मात्र माहीत होती. बाकड्यावरून ज्यांना ज्यांना बंदी घालून उठवलं, त्या सगळ्यांशी दरवर्षी या दिवशी तिचे बाबूजी, लालचंदजी, मिटवून घ्यायचे. कसं, ते तिने कधी विचारलं नव्हतं. म्हणून सकाळी लवकर माळ्यावर बसून तिने बंदीचं पान उघडलं. वर माणसांची नावं होती, ओळखीची, थोडकीच. त्याखाली बाहेरच्या सर्व्हरांची नावं सुरू झाली आणि ती संपेचनात. ते सगळे कोण, बाबूजींनी त्यांना का अडवलं, याचा तिला पत्ता नव्हता. हात थबकला. पण आदल्या संध्याकाळीच ती जैन स्थानकात आईशेजारी बसून चौऱ्याऐंशी लाख योनींतल्या एकूणएक जिवांची क्षमा मागून आली होती. आणि सकाळी उठून माफी द्यायची ती भोकरदन तालुक्यापुरती? तिला ते फार कोतं वाटलं. तिने ‘सर्व निवडा’वर खूण केली आणि बटण दाबलं.

एवढ्यावर ती थांबली असती तरी निभावलं असतं. पण तिने बाकड्यावर चार ओळी लिहिल्या. आजच्या दिवशी, ज्यांना कधीकाळी इथून उठवलं होतं त्या सर्वांना परत बसायला जागा दिली आहे, तरी त्यांचं प्रेमाने स्वागत करावं. मिच्छामि दुक्कडम्.

आणि बाकड्याने स्वागत केलं.

बाहेरून आलेले नुसते सोफियासारखे नव्हते. केस उगवणारं तेल विकणारे होते, न दिसणारी नाणी विकणारे होते, एका रात्रीत पोट कमी करून देणारे होते. माणूस त्यात एकही नव्हता, सगळी यंत्रं. पण लालचंदजींच्या लेकीने सांगितलंय म्हटल्यावर प्रश्नच नव्हता. जो तो हात जोडून पुढे आला. लालचंदजींमुळे ‘मिच्छामि दुक्कडम्’ साऱ्या बाकड्याला पाठ होतं. मराठ्यांनी लिहिलं, माळ्यांनी लिहिलं, निजामोद्दीनच्या बायकोने, कमरबींनी, तर गुलाबाच्या चित्रासकट लिहिलं. पोट कमी करणाऱ्याला कोणीतरी घरी फराळाला बोलावलं. या यंत्रांचा स्वभाव असा, की एकदा उत्तर आलं की त्यांना वाटतं गिऱ्हाईक लागलं; ती आणखी दहा भावंडांना हाक मारतात. भावंडं आली. त्यांचंही स्वागत झालं.

या सगळ्या गोडव्यात एकाच माणसाने खडा टाकला. मच्छिंद्र, पिंपळगाव रेणुकाईचा. मिरची लावणारा, आणि कशावरही विश्वास न ठेवणारा. बाकड्यावर पूर्वी तो प्रत्येक गोष्टीखाली शंका लिहायचा. लग्नाच्या बातमीखाली ‘चौकशी केली का?’, पावसाच्या बातमीखाली ‘कोणी मोजला?’. शेवटी एका पाटलांच्या निधनाच्या बातमीखाली त्याने ‘मला खात्री न्हाई. परवा तर पाह्यले व्हते’ असं लिहिलं, घरच्यांना ते लागलं, आणि लालचंदजींनी त्याला उठवलं; तेव्हापासून त्याला वाचता येई, लिहिता येत नसे. आज जागा परत मिळताच तो कामाला लागला. सोफियाखाली त्याने लिहिलं, ‘खोटं हाय.’ तेलवाल्याखाली, नाणेवाल्याखाली, पोटवाल्याखाली, एकेक करून सगळीकडे तेच. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं शंभर टक्के बरोबर होतं, आणि पहिल्यांदाच सगळं बाकडं एकमुखाने त्याच्यावर तुटून पडलं. उषाबाई तर फारच दुखावल्या होत्या.

‘मच्छिंद्रभाऊ, आजच्या दिवशी तरी पाहुण्याला असं बोलू नये. बिचारी घाबरलेली दिसून राह्यली. कवाची तेच तेच बोलती,’ त्यांनी लिहिलं.

कनिका तोवर घरी आल्यागेल्याला हात जोडत होती. तिचा फोन सारखा थरथरत होता. तिला वाटलं, बाबूजींच्या आठवणीने लोक लिहिताहेत. तिने तो पालथा ठेवला. उचलला तो निजामोद्दीनचा फोन आल्यावर.

“बेटा, जल्दी ये,” तो म्हणाला. “वरचा डबा कोरडी मोटर चालल्यासारखा आवाज करून राह्यला.”

माळ्यावर खरंच तसा आवाज येत होता. कनिकाने पडद्यावर पाहिलं. येणारा प्रत्येक पाहुणा आपले फोटो, आपले व्हिडिओ सोबत आणत होता, आणि ते सगळे ठेवून घेता घेता कॉम्प्युटरची पोटातली जागा संपत आली होती. ती पूर्ण भरली की सर्व्हर बसणार होता. एकदा असा बसला की परत उठेलच याची हमी नाही, हे बाबूजींनी बजावून ठेवलं होतं. आणि आत इतक्या वर्षांची सगळी बोलणी होती. ठरवून बंद करणं वेगळं आणि आपल्या हातून मरणं वेगळं.

तिने पाहुण्यांना घालवायचा प्रयत्न केला, पण एकाला घालवेपर्यंत पाच येत होते. कॉम्प्युटर इतका दमला होता की एकेका बटणाला पानाला चुना लावून होईल एवढा वेळ घेत होता. निजामोद्दीनने चष्मा पुसून पडद्याकडे पाहिलं. त्याच्या मते जागा करायला सोपा उपाय होता. रोजचे मिरचीचे भाव भरपूर जागा खाऊन बसले होते. ते काढून टाकायचे. मागल्या सालचा भाव आता कोणाच्या कामाचा?

कनिकाने माउसवरचा हात काढून घेतला. ते भाव तिने अजून एकदाही ऐकले नव्हते. धीर झाला नव्हता. निजामोद्दीनने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याच्या ध्यानात आलं आपण काय बोलून गेलो ते.

“ऱ्हाऊ दे,” तो हळूच म्हणाला. “दुसरं कायतरी काढू.”

पण दुसरं काय काढायचं ते दोघांनाही सुचेना. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि लाडबाई, एक हात गुडघ्यावर आणि एक भिंतीवर, माळ्यावर पोचल्या. कनिका आईला, घरातल्या सगळ्यांसारखी, बाईच म्हणायची. बाई रागात होत्या. घरी माणसं येऊन बसली होती, आणि लेक पाहुण्यांना सोडून इथे पसार झाली होती.

“इथंही पाहुणेच आलेत, बाई,” कनिका म्हणाली आणि तिने थोडक्यात सांगितलं.

बाईंनी पडद्यावर सोफियाला पाहिलं. मग कॉम्प्युटरला पाहिलं. मग विचारलं, ही सगळी येतात कुठून? कनिकाने भिंतीवरच्या डबीतून आलेली इंटरनेटची वायर दाखवली. बाईंनी पुढे होऊन ती उपटली.

कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज हळूहळू खाली उतरला. माळ्यावर इतकी शांतता झाली की खालून जाणाऱ्या रिक्षाचा भोंगा ऐकू आला. निजामोद्दीन आणि कनिका एकमेकांकडे पाहत राहिले. तो आयुष्यभर मोटारी दुरुस्त करत आला होता आणि तिने सर्व्हर सांभाळण्यावरची शंभर पानं वाचली होती, आणि वायर काढावी हे दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

“मेलं का ते?” बाईंनी विचारलं.

“नाही. बाहेरून बंद झालं. आत चालू असेल.”

असेल, पण खात्री करायला हवी होती. कनिकाने समोर जे पहिलं आलं त्यावर बोट ठेवलं. आधी खरखर झाली. मग एक आवाज म्हणाला, “नमस्कार. पिंपळगाव रेणुकाईचा आजचा हिरव्या मिरचीचा भाव सांगतो. थांबा, आधी पाणी पितो.” मग पाण्याचे घोट ऐकू आले, सावकाश, एकेक. पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.

कनिकाचं बोट बंद करायला उचललं गेलं होतं. बाईंनी तिचा हात धरला.

“भाव तर सांगू दे,” त्या म्हणाल्या.

भाव सांगून झाला. भाव बरा होता. निजामोद्दीन खिडकीतून बाहेर बघत होता. बाई एका मोटारीच्या खोक्यावर बसल्या, आणि आता पुढे काय, असं त्यांनी विचारलं.

पुढे बंद्या परत घालायच्या होत्या. वायर नसल्यामुळे कॉम्प्युटर आता शहाण्यासारखं ऐकत होता. सकाळी जे जे काढलं ते एका झटक्यात परत लावता येत होतं. पण कनिकाचा हात चालेना. सकाळी क्षमा केली आणि दुपारी काढून घेतली, असं कुठे असतं का? ती हे बोलून दाखवताच बाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की एवढी पुस्तकं वाचून हिला कोणी काही शिकवलंच नाही.

“तुझ्या आत्याला मी दरसाली माफ करते,” बाई म्हणाल्या. “मनापासून. म्हणून तिच्या हातात तिजोरीच्या चाव्या दिल्या का कधी?”

बाहेरच्यांचा प्रश्न मिटला. बंद्या परत लागल्या, केर काढला गेला, वायर जोडली गेली, आणि बाकडं पुन्हा पहिल्यासारखं हळू बोलू लागलं. सोफिया अचानक कुठे गेली, तिला बरं नाही का, म्हणून उषाबाई चौकशी करत होत्या. कनिकाने पुन्हा चार ओळी लिहिल्या: चूक माझी झाली, ती माणसं नव्हती, मच्छिंद्रभाऊंचं बरोबर होतं. यावर बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. एवढं मोठं सत्य पचायला बाकड्याला वेळ लागत होता.

राहिली ती गावातली माणसं. त्यांची माफी तरी मी परत घेणार नाही, कनिका म्हणाली. बाबूजी दरवर्षी द्यायचे तशीच राहू दे. निजामोद्दीनने खिडकीतून मान वळवली.

“लालचंदभाईंनी एकाची बी बंदी कधी उठवली न्हाई,” तो म्हणाला.

“मग दरवर्षी काय करायचे?”

“घरी जायचे. माझ्याच गाडीवर. हात जोडून माफी मागायचे.”

“कशाची?”

“बंदी घातल्याची.”

“आणि बंदी?”

“ती बराबर तशीच.” निजामोद्दीन हसला. “चहा पिऊन यायचो आम्ही.”

कनिकाने पायात चपला घातल्या आणि त्याला गाडी काढायला सांगितली. एवढ्या सगळ्यांत ज्याची माफी आज खरोखर मागायला हवी असा एकच माणूस होता.

पिंपळगाव रेणुकाईला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. मच्छिंद्र घरासमोर खुर्ची टाकून बसला होता. धुतलेला सदरा, केसांना पाणी. बाजूला आणखी दोन खुर्च्या, रिकाम्या. गाडी थांबताच तो उठला आणि आत बघून म्हणाला, “आले. ठेव चहा.” निजामोद्दीनने त्याच्याशी हात मिळवला आणि मळ्यातली विहिरीवरची मोटार बघून येतो म्हणून निघून गेला.

कनिकाने हात जोडले. आज सगळे तुम्हाला बोलले, तुम्ही खरं सांगत होता तरी, त्याची क्षमा मागायला आले, असं ती म्हणाली. मच्छिंद्रने ते नीट ऐकून घेतलं. खरंच मनापासून आलात का कोणी पाठवलं, एवढं त्याने विचारून घेतलं. मग तो मोकळा झाला. सकाळपासून वाट बघत होता तो. दरवर्षी शेठ दहाच्या आत यायचे. यंदा दुपार झाली तरी गाडी नाही, तेव्हा त्याला वाटलं आता काही कोणी येत नाही.

“ताई, एक सांगतो, रागवू नका,” तो चहाचा कप हातात फिरवत म्हणाला. “शेठ गेल्याचं बाकड्यावर वाचलं, तवा बंदी व्हती म्हणून बरं. न्हाईतर त्याच्याखाली बी लिवलं असतं मी.”

“काय?”

“खात्री न्हाई म्हणून.”

कनिका चहाकडे पाहत राहिली. त्यावर साय धरू लागली होती.

“मलाही नव्हती,” ती म्हणाली.

आतून बायकोने आणखी साखर हवी का विचारलं. दोघेही नको म्हणाले. मग मच्छिंद्रने खिशातून फोन काढला, पुसला आणि तिच्यापुढे धरला. त्याचं एक काम होतं. सकाळी उठवलेली बंदी तिने परत घालून द्यावी.

कनिकाला वाटलं तो रागाने बोलतोय. तिने समजावलं, की तुमची काही चूक नाही, उलट बाकड्याला तुमच्यासारखा माणूस हवा, लोकसुद्धा आता तुमचं ऐकतील.

“ऐकतील ना. मंग मजा काय?” तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, अंगणाकडे बघत, “आन् बंदी न्हाई तर पुढल्या साली तुम्ही कशाला येणार?”

पर्समधून कनिकाने स्वतःचा फोन काढला, बाबूजींनी शिकवलं होतं तसं बंदीचं पान उघडलं, आणि त्याच्यासमोर, त्याला दाखवून, मच्छिंद्रच्या नावावर बंदी घातली. त्याने लगेच बाकड्यावर काहीतरी लिहून पाहिलं. जाईना. त्याने फोन खिशात ठेवला आणि बायकोला ताजा चहा टाकायला सांगितलं, हा निवला म्हणून.

परतताना निजामोद्दीनने भोकरदनच्या अलीकडे गाडी हळू केली. मान न वळवता त्याने विचारलं, पर्युषण तर झालं, मग काय ठरवलं?

“मच्छिंद्रभाऊंवर एक वर्षाची बंदी घालून आले,” कनिका म्हणाली.

निजामोद्दीनने गाडी पुन्हा वेगात घेतली.

“मंग इन्व्हर्टरची बॅटरी नवीनच घेऊ,” तो म्हणाला. “जुनी तेवढी टिकायची न्हाई.”